सुभेदार आणि शेंदरीची वाटणी

हे कोणाला पटायचं नाही. मी सांगतोय म्हणून तर मुळीच नाही. पंचवटीत माझ्या शब्दाला काय वजन आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी सांगतो. मी, मखमलाबादचा झुंबर आबा, माझ्या दोन्ही गुडघ्यांची शपथ घेऊन सांगतो (तसेही ते गेल्यातच जमा आहेत) की मी दोन पोपटांमध्ये घराची रीतसर वाटणी करून दिली. पंच बसवून. टेप लावून.

"झालं सुरू," लंकाबाई म्हणाली आणि तिनं सुईत नवा दोरा ओवला.

मार्गशीर्षातला बुधवार होता. दुसऱ्या दिवशी घरोघर पूजा, त्यामुळे लंकाबाईच्या फुलांच्या टपरीवर शेवंती आणि झेंडूचा ढीग कमरेएवढा. आमच्या मळ्यातला झेंडू वीस वर्षं तिच्याकडे येतो. माझा मुलगा नवनाथ सकाळी पिकअपमधून क्रेट उतरवून जातो, आणि दुपारी मी येतो. काम काही नसतं. उलट्या क्रेटवर बसायचं, शेवंतीचे देठ खुडायचे आणि बोलायचं. ऐकायला कारभारी असतोच. तीस वर्षं रिक्षा चालवली, आता मोतीबिंदूमुळे सोडली. पण हात अजून हँडल धरल्यासारखे पुढे असतात.

"पोपटांना वाटणी कशाला लागते?" कारभारी म्हणाला. "त्यांच्या काय पोरी लग्नाच्या आहेत?"

"सांगतो. पण मध्ये बोलू नकोस. मी थकलेला माणूस आहे, एकदा थांबलो की परत उठायला वेळ लागतो."

आधी घरातली मंडळी सांगतो. माणसं दोन: मी आणि सगुणाबाई. नवनाथ बायकोला घेऊन मळ्यातच राहतो. जनावरं चार. भैरू नावाचा कुत्रा, चिंगी नावाची मांजर आणि दोन पोपट. दोन्ही परदेशी, कागदपत्रांसकट. आपला हिरवा राघू पाळायला बंदी आहे, आणि मी कायदा मानणारा माणूस आहे.

थोरला सुभेदार. अंगानं करडा, शेपटी लाल, आफ्रिकेकडच्या जातीचा. नऊ वर्षांपूर्वी शेततळ्याच्या कडेवरून घसरून मी मांडीचं हाड मोडून घेतलं आणि चार महिने खाटेवर पडून होतो. तेव्हा नवनाथनं तो आणला. भेटायला येणारी माणसं चहा पिऊन, पाय बघून, स्वतःच्या पायांच्या गोष्टी सांगून निघून जायची. हा मात्र खाटेच्या दांड्यावर बसून असायचा. मी कण्हलो की तोही कण्हायचा, हुबेहूब. डॉक्टर दारातून ऐकत आला, त्याला वाटलं रुग्ण दोन आहेत. त्यानं दोघांनाही सलाइन लावलं.

"पोपटाला सलाइन?"

"डाव्या पंखाला."

कारभारी मांडीवर थाप मारून हसला. लंकाबाई हसली नाही. त्या दिवशी ती एकंदरीत कमीच बोलत होती, पण सणाची गर्दी म्हटल्यावर मी लक्ष दिलं नाही.

सुभेदाराची एकच खोड. नवनाथचं पिकअप मागे घेताना जी धून वाजते ना, ती तो वाजवायचा. भैरूला सवय अशी, की ती धून ऐकली की अंगणातून उठून भिंतीकडे जायचं. दिवसातून चाळीस वेळा बिचारा उठायचा. आठ किलो वजन उतरलं त्याचं. पण त्याखेरीज घर शांत होतं. नऊ वर्षं मी आणि सुभेदार सकाळी खिडकीत बसायचो, बाहेर पेरूचं झाड, पलीकडे रस्ता. शाळेची मुलं गेली की तो हलायचा, मी हलायचो, आणि दिवस सुरू व्हायचा.

मग जून महिन्यात माझी नात निकिता पुण्याहून मांडीवर पिंजरा घेऊन उतरली. तिला तिथं नोकरी आहे. घरमालकानं सांगितलं होतं, या खोलीत एक तर पाखरू राहील नाहीतर तुम्ही. पिंजऱ्यात शेंदरी. दीड मुठीचा जीव, अंगभर नारिंगी पिवळा रंग, डोळे भांडखोर.

"आबा, दोनच महिने," निकिता म्हणाली. "मी दुसरी खोली बघते."

ते दोन महिने अजून चालू आहेत.

शेंदरीनं पहिल्या सकाळी तोंड उघडलं आणि तिकडे नाशिक रोडला उभी असलेली गाडी सुटली. गार्डला वाटलं शिट्टी झाली. निम्मे उतारू फलाटावरच राहिले.

"हे काय मी मानत नाय," कारभारी म्हणाला. "स्टेशन दहा-बारा किलोमीटर लांब हाय."

"वारा त्या दिशेचा होता."

आम्ही अडाणी. म्हटलं, पाखराला पाखराची सोबत होईल. म्हणून दोन्ही पिंजरे शेजारी शेजारी ठेवले. सगुणाबाईनं तर नव्या सुनेसारखं शेंदरीला हळदकुंकू लावलं. सुभेदारानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. तासाभरानं ती गजांना लोंबकळत त्याच्या बाजूला आली आणि तिनं त्याच्या शेपटीचं टोक ओढलं. त्यानं आपली दाण्याची वाटी पालथी केली. तिनं पाण्याची केली. दुसऱ्या आठवड्यात तिला पिकअपची धून यायला लागली. आता दोन्हीकडून दोन पिकअप मागे यायचे, आणि भैरू अंगणाच्या मधोमध उभा. जावं कुठं? तो तिथंच बसून रडायचा. कुत्रं रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मी दिवसभर मध्ये उभा. याला समजाव, तिला दटाव. ती ओरडली की धावत जायचं, "गप गं बाई" म्हणायचं; ती गप्प व्हायची, मी बसलो की पुन्हा सुरू. दोन पोरांचा, चार नातवंडांचा मी सांभाळ केला, इतका कधी दमलो नाही.

ऑगस्टात एका दुपारी दोघं मोकळे होते. शेंदरी कपाटावरून सुटली ती थेट सुभेदाराच्या पायावर. बोट चावलं. रक्त आलं. तो फडफडत खाली पडला, आणि खाटेखाली चिंगी बसलेली. मांजरानं आणि मी एकाच क्षणी उडी घेतली. मी आधी पोचलो.

"या गुडघ्यांनी?" कारभारी म्हणाला.

"म्हणूनच म्हटलं, पटणार नाही." मी पायजमा वर करून नडगीवरचा ओरखडा दाखवला. ओरखडा खरा होता. कसला होता ते सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी सगुणाबाई माझ्यासमोर येऊन बसली. ती चिडणारी बाई नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेते, दुपारी अर्धा तास डोळा लागला तर तिचा दिवस बरा जातो. जूनपासून तो लागला नव्हता.

"अहो, मी दमले," ती म्हणाली. "मला आता ऐकवत नाही. दिवाळीच्या आत या दोघांतला एक दुसऱ्या घरी जाईल. कोणता ते तुम्ही ठरवा. मी नाही ठरवायची. मला ते पाप नको."

"सगुणा, अगं..."

"दिवाळीच्या आत," ती म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

एका बाजूला नऊ वर्षं. दुसऱ्या बाजूला नात. निकिता रोज फोनवर चेहरा दाखवायची आणि पहिलं विचारायची, "आबा, शेंदरी जेवली?" आबा जेवला का, ते नंतर. आणि मी सुभेदाराकडे बघायचो, तो माझ्याकडे. म्हटलं, नाही. कोणी कुठं जाणार नाही. मी शेतकरी माणूस आहे, दोन भावांचं पटत नाही म्हणून एकाला कोणी गावाबाहेर काढत नाही. वाटणी करतात.

आणि आमच्या भावकीत वाटणीची रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करत नाही, आणि धाकटा रडत नाही. माझ्या आजाची, बापाची, माझी, सगळ्या वाटण्या अशाच झाल्या. तीन पिढ्यांत आमच्याकडे डोकं फुटलं नाही. हातपाय मोडले असतील, पण डोकं नाही.

पंच तीन. एक मी. दुसरा आमच्या गल्लीतला मंगळू तात्या, निवृत्त तलाठी. तिसरी चिंगी, त्रयस्थ म्हणून. तात्यानं टेप आणला, चष्मा पुसला, हॉल मोजला. देवघराच्या कोपऱ्यापासून बेसिनपर्यंत मी झेंडूची माळ ताणून बांध घातला. एका वाट्यात खिडकी, सकाळचं ऊन, पेरूचं झाड. दुसऱ्या वाट्यात टीव्ही आणि स्वयंपाकघराचं दार, म्हणजे भाकरीचा तुकडा हमखास. वाटे सुभेदाराच्या वतीनं मी पाडले. तात्यानं कागद लिहिला, सुभेदाराच्या पायाला शाई लावून ठसा उठवला.

"अंगठा?" कारभारीनं विचारलं.

"पंजा."

मग शेंदरीला सोडलं. धाकट्यानं आधी उचलायचं. तिनं हॉलभर दोन घिरट्या घातल्या आणि खिडकीत जाऊन बसली.

"मग बरोबरच हाय की," कारभारी म्हणाला. "तिचा हक्क."

मीही तेच म्हटलं. तात्या म्हणाला, "झाली वाटणी." आम्ही दोघांनी गूळ खाल्ला. मी त्या दिवशी भरपूर हसलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून माळ दाखवली. सुभेदाराचा पिंजरा मी माझ्या हातानं टीव्हीशेजारी ठेवला. खाली, स्टुलावर. तिचा वर, खिडकीच्या कठड्यावर.

दुसऱ्या दिवशी त्यानं खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसला. पिकअप वाजेना. भैरू दिवसभर अंगणात झोपून राहिला, आणि मला वाटलं, बघा, शांतता झाली. शेंदरी वाटेल तेव्हा माळेवरून इकडे यायची, त्याच्या वाटीतलं खायची, जायची. तो काही करायचा नाही. आठवड्यानं पिंजऱ्याखाली करडी पिसं दिसली. म्हटलं, पिसं झडायचे दिवस असतील. मग एका सकाळी मी बघितलं, तो स्वतःच उपटत होता. मान वाकवून, एकेक. मान उघडी, छाती उघडी. खाटकाच्या दुकानात टांगतात तसला झाला होता तो.

सगुणाबाई रोज सकाळी झाडूनं पिसं गोळा करायची आणि कचऱ्यात न टाकता पेरूच्या बुडाशी टाकायची.

गंगापूर रोडला एक पाखरांची डॉक्टरीण आहे, निकिताच्या वयाची. मी सुभेदाराला शालीत गुंडाळून घेऊन गेलो. तिनं त्याला उलटापालटा करून बघितलं, वजन केलं, मग मला विचारलं घरात काय काय झालं. मी सगळं सांगितलं. माळ, तात्या, वाटे. तिनं पेन खाली ठेवलं.

"आजोबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. रीत आहे."

"माणसांत असेल. यांच्यात उलटं चालतं. जो आधीपासून घरात आहे, त्याचं सगळं आधी. सकाळी आधी त्याच्याशी बोलायचं. दाणे आधी त्याला. त्याची जागा त्याचीच. नवीन आलेल्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचं, मग लांबून तोंडओळख. तुम्ही तर म्हाताऱ्याची जागा काढून घेतलीत आणि त्याला खाली बसवलंत. जो उंच बसतो तो मालक, असं असतं त्यांचं."

"बाई, मी न्याय केला हो."

"केलात खरा," ती म्हणाली. टोचून नाही म्हणाली, पण मान खाली घालून लिहीत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद सगुणाबाईनं फ्रिजवर चिकटवला. पिंजरे दोन खोल्यांत, एकाच उंचीवर. वाट्या वेगळ्या. मोकळं सोडायचं ते पाळीपाळीनं, आणि तेव्हा चिंगीला बाहेर काढून दार लावायचं. अंधार पडला की पिंजऱ्यावर कापड. यांना दहा-बारा तास झोप लागते. चावायला लाकडाचे तुकडे, मक्याची कणसं. आणि शेंदरी ओरडली तर धावत जायचं नाही, रागवायचंही नाही. गप्प बसली की मग जायचं, गोड बोलायचं, दाणा द्यायचा.

हे शेवटचं वाचून सगुणाबाई म्हणाली, "पन्नास वर्षं मी गप्प बसले, तेव्हा नाही आलात ते दाणा घेऊन."

मी सगळं केलं. खोटं बोलत असेन तर हे फूल हातातून गळून पडो. सकाळी उठून आधी सुभेदाराला राम राम, मग तिला. आधी त्याची वाटी, मग तिची. दार लाव, दार उघड, मांजर काढ, कापड घाल. दिवसाला सतरा वेळा पिंजरे हलवले. ती आतल्या खोलीतून किंचाळायची आणि मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसायचो, जायचं नाही म्हणून. शेजारी विचारायला यायचे, कोणाला मारताय का. माझ्या बापाच्या शेवटच्या दुखण्यात मी त्याची इतकी सेवा केली नाही.

शेंदरी सुधारली. खरंच सुधारली. ओरडणं निम्म्यावर आलं.

सुभेदाराला मी त्याची खिडकी परत दिली. तो खिडकीत बसायचा. पण आतल्या खोलीतून तिचा बारीकसा आवाज जरी आला तरी मान वाकवायचा आणि एक पीस ओढायचा. दिवाळीला दहा दिवस राहिले तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजोबा, काही पाखरांचं एका छपराखाली होतच नाही. तुम्ही करायचं ते सगळं केलंत."

मी इथं थांबलो. शेवंतीचे देठ खुडून संपले होते, म्हणून दुसरी पाटी ओढली. गिऱ्हाईक नव्हतं. लंकाबाईचे हात तेवढे चालू होते, झेंडू, पान, झेंडू, पान.

"मग?" कारभारी म्हणाला. "दिलं का मग एकाला?"

"देतो कशाला!" मी म्हणालो. "खरी गंमत तर पुढंच आहे."

वसुबारसेचा दिवस. सगुणाबाई गाईला नैवेद्य द्यायला गेलेली. मी दोन्ही खोल्यांची दारं लावायला विसरलो, आणि बघतो तर काय, शेंदरी चालत आली. उडत नाही, चालत. पाहुणीसारखी. चोचीत झेंडूचं फूल. ते तिनं सुभेदाराच्या पायाशी ठेवलं आणि मंगळू तात्याच्या आवाजात म्हणाली, "वाटणी रद्द."

"अरे तिच्या!" कारभारी म्हणाला.

"थांब. सुभेदारानं फुलाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि बाजूला सरकून खिडकीत जागा दिली. भाऊबीजेला तर कहर. सगुणाबाईनं निरांजन लावून पाट मांडला होता, आणि शेंदरीनं चोचीत कापसाची वात धरून सुभेदाराला ओवाळलं. तीन वेळा. त्यानं ओवाळणी म्हणून तिला स्वतःच्या वाटीतला बदाम टाकला. निकिता आली होती दिवाळीला, ती बघून रडली. म्हणाली, आबा, हे तुम्हीच करू जाणे. भैरूचे आठही किलो भरून आले. चिंगी आता गुरुवार धरते."

कारभारी डोळे पुसत होता, हसून. "आणि आता?"

"आता काय. दोघं खिडकीत एका दांडीवर बसतात. ती त्याच्या डोक्यावरची पिसं विंचरून देते. सगुणाबाई दुपारी अर्धा तास झोपते. या क्षणी जाऊन बघितलंस तरी तसेच बसलेले दिसतील."

"जाऊ का? मुलाची रिक्षा उभीच हाय."

"आज नको," मी म्हणालो. "त्यांची झोपायची वेळ असते."

लंकाबाईनं माळेला गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि माळ बाजूला ठेवली. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"आबा, खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "सुभेदार तुमच्या घरात नाय. माझी बहीण चंद्रभागा नाशिक रोडला राहती, तिच्या शेजारणीकडं हाय तो, दिवाळीच्या आधीपासनं. काल मी गेले होते तिच्याकडं, माझ्या डोळ्यांनी बघितला. शेजारीण सांगत होती, दर सोमवारी मखमलाबादचे एक आजोबा बसनं येतात, दाराबाहेर चपला काढतात, दोन तास त्याच्यासमोर बसतात, आन् चहासुदिक घेत नाहीत. लय बरा झालाय तो तिथं, आबा. मानेवर पिसं फुटलीत त्याला. ते खरं असताना हे खोटं कशाला सांगत बसता?"